बारा कारागिरांची पूजा

खोटं बोलायला डोकं लागतं म्हणतात. उल्काला तर तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं. बहारीनला आल्यावर पहिल्याच गणपतीत मराठी मंडळातल्या एका बाईंनी तिला विचारलं, “तुमचे वडील शिक्षण खात्यात होते ना?” बाईंच्या डोक्यात दुसऱ्याच कुणाचे तरी वडील होते. उल्का नुसती हसली. पुढच्या गणपतीपर्यंत वडूजच्या एसटी स्टँडसमोर जन्मभर सलून चालवलेले सदानंद काशीद रिटायर्ड हेडमास्तर होऊन बसले. घरबसल्या बढती मिळाली आणि त्या भल्या माणसाला पत्ताही नव्हता.

तिच्या नवऱ्याला, सलीलला, सगळं ठाऊक होतं. लग्नाची बोलणी करायला तो वडूजला गेला तेव्हा सासऱ्यांनी त्याला आधी खुर्चीत बसवून त्याची दाढी केली होती. मानेवर वस्तरा असताना नाही म्हणायची सोयच नव्हती, असं तो गावाकडच्या मित्रांना हसत सांगायचा. बहारीनमधल्या हेडमास्तरांची गोष्ट कानावर आली तेव्हा तो म्हणाला, “उगाच कशाला, उल्का?” त्यावर ती म्हणाली, “मी कुठे काय बोलले?” तेही खरंच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ती झाकून ठेवताना बोटं दुखतात, हे कुणी सांगत नाही.

सलील सीफमधल्या एका बँकेत होता आणि त्यांचा फ्लॅट सनाबिसमध्ये होता. उल्का लोकांची घरं सजवायची कामं घ्यायची. या वर्षी तिला मंडळातल्याच ओळखीने आजवरचं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं, आणि ओळखीबरोबर हेडमास्तरांची गोष्टही तिथे पोचली होती. बुदैयाला जुबैदा नावाच्या बाईंचं मोठं घर होतं, खजुरांच्या बागेला लागून. तिथे नवी बैठक सजवायची होती. जुबैदाचे आजोबा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जाऊन राहायचे, त्यामुळे त्या घरात अजून हिंदी बोललं जाई, आणि चांगलं बोललं जाई. आजोबांनी मुंबईहून आणलेला एक चित्रांचा आल्बमही त्या घरात होता. तोच फ्रेम करून बैठकीत लावायचा असं ठरलं होतं.

चीनच्या कँटन बंदरात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अशी चित्रं खास परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढत. जहाजावरची माणसं आठवण म्हणून ती घरी नेत. या आल्बममध्ये बारा चित्रं होती, बारा धंद्यांची. धनुकलीने कापूस पिंजणारा, करवत चालवणारा सुतार, फुटकी भांडी सांधणारा, चांभार, छत्र्या करणारा. आणि तिसऱ्या पानावर न्हावी. समोर स्टुलावर गिऱ्हाईक मान झुकवून बसलेलं, त्याची लांब वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, शेजारी तिवईवर पितळी तसराळं, आणि न्हाव्याच्या हातात इवलासा वस्तरा. रंग तर असे, की आत्ताच ब्रश उचलला असावा. ही चित्रं नेहमीच्या कागदावर नव्हती. आपल्याकडे ज्याची बाशिंगं करतात त्या भेंडासारखा एका झाडाच्या खोडातला पांढरा गाभा असतो, त्याचे पातळ काप काढून त्यावर ती रंगवलेली होती.

आल्बमची शिलाई उसवली होती. फोटो काढून कुठलं चित्र कुठे लावायचं हे ठरवण्यासाठी उल्काने तो घरी आणला आणि बाराही चित्रं जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडली.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, महिनाभरासाठी आले होते. ते टेबलाभोवती हात मागे बांधून फिरले. तिसऱ्या चित्रापाशी थांबले.

“ह्यो तर आपल्यातलाच की गं,” ते हसून म्हणाले. “कुणाची म्हनायची ही?”

“एका बाईंची. अण्णा, यांना हात लावायचा नाही हं. फार मोलाची आहेत. देवासारखी जपायचीत.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. अण्णांनी सामानात आपला जुना वस्तरा, कात्री आणि केस कापायचं हातमशीन आणलं होतं, कारण खंडेनवमीला ती पूजेला लागतात आणि वर्षाचा सण चुकवून चालत नाही. सलून भाच्याला दिलं असलं तरी हत्यारं अजून त्यांचीच होती. रोजची दाढीही ते त्याच वस्तऱ्याने करत. उल्काने मनामाच्या देवळापाशी जाऊन त्यांना झेंडूची फुलं आणून दिली, आणि सकाळीच ती मीना सलमानच्या एका कारखान्यात फ्रेमचं लाकूड बघायला गेली. सलील कॉजवेचा पूल ओलांडून शेजारच्या देशात, खोबरला गेला होता, कामासाठी, चार दिवस.

कारखान्यात जुबैदा भेटली. लाकूड पसंत पडलं तशी ती खुशीत आली आणि म्हणाली, चल, तुला घरी सोडते, चित्रंही बघते आणि तुझ्या वडिलांनाही भेटते. उल्काने दोनदा टाळून पाहिलं. यल्ला, चल चल, म्हणत जुबैदाने गाडीचं दार उघडून धरलं.

फ्लॅटचं दार उघडताच उदबत्तीचा वास आला. अण्णा आंघोळ करून, पांढरा सदरा, लेंगा आणि टोपी घालून टेबलासमोर हात जोडून उभे होते.

“सलाम अलैकुम, प्रिंसिपल साहब,” जुबैदा म्हणाली. “आपकी बेटी बहुत होशियार है.”

प्रिंसिपल साहेब कोण आलेत ते बघायला अण्णांनी मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

मग जुबैदाचं टेबलाकडे लक्ष गेलं.

बाराही चित्रांवर कुंकवाचा एकेक ठिपका होता. माणसांच्या तोंडावर नाही, कपड्यांवर नाही, नेमका हत्यारांवर. पिंजाऱ्याच्या धनुकलीला, सुताराच्या करवतीला, चांभाराच्या आरीला. अण्णांनी अगदी जपून, करंगळीच्या टोकाने लावला होता. चित्रांच्या वरच्या बाजूला त्यांचा स्वतःचा वस्तरा, कात्री आणि मशीन, त्यांनाही हळद-कुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. उदबत्ती मात्र लांब, खिडकीत लावली होती, चित्रांवर राख पडू नये म्हणून. एवढी काळजी घेतली होती माणसाने. पण कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, आणि तो भेंड पाणी प्यायला होता. ठिपका पडला तिथे पांढरा गाभा फुगून वर आला होता आणि लाल रंग हळूहळू पसरत होता. तिसऱ्या चित्रातल्या न्हाव्याचा वस्तरा दिसेनासाच झाला होता.

“ये क्या किया?” जुबैदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “क्यों किया ऐसा?”

उत्तर उल्काच्या ओठांवर होतं. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. एवढंच सांगून भागलं असतं, तर बरं झालं असतं. पण समोर वस्तरा होता, कात्री होती. हेडमास्तरांच्या पूजेत खडू असतो, पुस्तक असतं, वस्तरा कुठून येणार? पहिलं वाक्य बोललं की दुसरं बोलावंच लागणार होतं, की माझे वडील न्हावी आहेत. त्याच्या जागी भलतंच बाहेर आलं.

“आपसे छुपाया था मैंने,” ती खाली बघत म्हणाली. “इनका दिमाग... भूलने की बीमारी है. कुछ समझता नहीं इनको.”

न्हाव्याची मुलगी म्हणवून घेण्यापेक्षा वेड्याची मुलगी परवडली, असा सौदा तिच्या मनाने तेवढ्यात उरकला होता. इतक्या झटपट, की तिला स्वतःलाच त्याची भीती वाटली.

अण्णांना हिंदी समजत होतं. एसटी स्टँडसमोर धंदा केलेल्या माणसाला कुठली भाषा समजत नाही? त्यांनी उल्काकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं नेहमीचं गिऱ्हाईक खुर्चीत बसून काहीतरी विचित्रच कापायला सांगतं, तेव्हा खात्री करून घ्यायला बघावं तसं पाहिलं. उल्काने मान वर केली नाही. तेव्हा त्यांनी टोपी काढली, उलटी करून पुन्हा घातली आणि जुबैदाला विचारलं,

“बाई, वडूज की आखरी गाडी गयी क्या?”

जुबैदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची आई शेवटची काही वर्षं अशीच, कधीच पाडून टाकलेल्या घराचा पत्ता विचारत हिंडायची. तिने अण्णांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश, मोठ्याने बोलायला लागली.

“नहीं बाबा. गाड़ी अभी है. आप बैठो, पानी पियो.”

“तिकीट नहीं मेरे पास.”

“मैं दूँगी ना. मैं दूँगी.”

पेला तिने स्वतः त्यांच्या ओठांना लावला. अण्णा तो पोरासारखा दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले. उल्का उभी होती तिथेच उभी राहिली. जमीन दुभंगून पोटात घेते ते फक्त गोष्टींत. सनाबिसच्या तिसऱ्या मजल्यावरची फरशी तसलं काही करत नाही.

जाताना जुबैदाने चित्रं एकेक करून पातळ कागदात ठेवली. नऊ वाचतील, तीन गेली, असं ती म्हणाली. आजोबांची आठवण होती, वाईट वाटतंय, पण आजारी माणसावर कसलं रागवायचं? तू तुझं काम चालू ठेव. असं म्हणून तिने उल्काला जवळ घेतलं. सुंठीवाचून खोकला गेला. काम राहिलं, अब्रू राहिली, हेडमास्तरही राहिले.

दार लागल्यावर अण्णांनी टोपी सरळ केली आणि वस्तऱ्यावरचं कुंकू फडक्याने पुसायला घेतलं.

“लई खराब झाली का गं चित्रं?”

“तीन गेली.”

“पान्याचं चालत न्हाई म्हनून सांगायचं हुतंस.”

“हात लावू नका म्हणाले होते ना मी.”

“देवावानी जपायची म्हनलीस. खंडेनवमीचा दीस. सगळी आपापली हत्यारं घिऊन बसल्याली, आन् त्यास्नी कुनी कुंकू लावायचं न्हाई?” ते थांबले. “चुकलंच माझं.”

उल्काला बोलायचं होतं. अण्णा, ते मी जे म्हणाले ना, एवढं तरी बोलायचं होतं. पण त्यांनी वस्तरा पुसून मिटला, कापडात गुंडाळला आणि ते आपल्या खोलीत गेले. जेवायला आले, जेवले, ताट उचललं. टोपीचं किंवा गाडीचं नाव काढलं नाही. बोलले असते, ओरडले असते, तर उल्काला रडता तरी आलं असतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

खोटं एकदा घरात घेतलं की ते पाव्हण्यासारखं जाईनासं होतं. जुबैदाने काळजीपोटी सलीलला फोन केला. डॉक्टरचं नाव दिलं, आणि आपल्या आईचा अनुभव सांगितला, की अशा माणसांच्या हाती धारदार वस्तू पडू देऊ नका. सलील खोबरहून परतला तो घाबराघुबरा.

“मला का नाही सांगितलंस?” स्वयंपाकघरात त्याने हळू आवाजात विचारलं. “कधीपासून हे?”

हीच वेळ होती. नवऱ्याला तरी सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे काय केलं ते सांगायचं, आणि ते त्याच्या तोंडावर कसं उमटेल ते तिला दिसत होतं. बापाला वेडा ठरवलंस? हा प्रश्न नुसत्या कल्पनेतसुद्धा तिला ऐकवेना.

“हल्लीच वाढलंय,” ती म्हणाली.

अण्णा दारात उभे होते. पाणी प्यायला आले असावेत. त्यांनी ऐकलं, सलीलकडे पाहिलं आणि विचारलं, “कंडक्टर, सुट्टे हायेत का?” जावयाने तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या दिवसापासून सलील घरात असला की अण्णा वेडे असत. चहात मीठ घालून पीत. मुलीने घातलेला खेळ बापाने मोडला नाही. जन्मभर गिऱ्हाइकाने सांगितलं तसं कापून दिलं होतं, हेही त्यातलंच. आणि सलील बिचारा त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, त्यांच्या हाताला धरून चालवायचा. अण्णांच्या कापडात गुंडाळलेला वस्तरा त्याने गुपचूप उचलून कुठेतरी ठेवून दिला.

अण्णांनी विचारलं नाही. सकाळी आरशासमोर उभे राहिले, कप्पा उघडला, बंद केला. दुसऱ्या दिवशी तेच. गालांवर पांढरे खुंट वाढत गेले. उल्काने आयुष्यात वडिलांना दाढी वाढलेलं कधी पाहिलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीही दुपारपर्यंत त्यांचे गाल गुळगुळीत होते. आता त्यांच्याकडे बघायचं म्हटलं की तिची नजर त्या खुंटांना अडखळायची.

शुक्रवारी सलील बाहेर गेल्यावर अण्णा म्हणाले, “उल्के, जरा दाढी करून आनतीस का कुठनं तरी? लाज वाटती गं असं बसायला.”

गल्लीच्या टोकाला यासीन नावाच्या माणसाचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक टीव्ही, अत्तराचा वास. अण्णा दारात जरा थबकले, चपला काढल्या, परत घातल्या, आणि दुसऱ्याच्या खुर्चीत बसले. यासीनने मानेला टॉवेल गुंडाळला, गालांना फेस लावला, नवं पातं बसवलं. पातं गालाजवळ यायच्या आतच अण्णांनी सवयीने आतून जीभ लावून गाल फुगवला आणि मान नेमकी हवी तेवढी कलती केली.

यासीन हसला. “वाह बाबा. आपको तो सब मालूम है. क्या काम करते थे आप?”

मागे बाकावर उल्का बसली होती. आरशात त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडभर फेस, त्यात दोन डोळे.

“काय सांगू यास्नी?” त्यांनी विचारलं. “हेडमास्तर, का येडा?”

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते. या गावात आपण कोण आहोत हे मुलगी ठरवते, तर इथलंही तिलाच विचारून घ्यावं, एवढंच त्यांच्या आवाजात होतं. उल्काचे कान तापले. गेले कित्येक दिवस तिला शरमेची सवय झाली आहे असं वाटत होतं, पण ही शरम वेगळी होती. इतकी वर्षं आपल्याला वडिलांची लाज वाटते असं ती समजत होती. आत्ता आरशात तिला तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

“नाई हैं,” ती यासीनला म्हणाली. “मेरे वालिद नाई हैं. पूरी ज़िंदगी सलून चलाया.”

“अरे, तो पहले बोलना था,” यासीन खूश होऊन म्हणाला आणि त्याने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णांचा चेहरा काही बदलला नाही. बदलण्यासारखं झालंच काय होतं? सनाबिसच्या गल्लीत, यासीनपाशी खरं बोलायला काय लागतं? हे उल्कालाही कळलं. तिने फोन काढला, जुबैदाचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन आरशासमोरच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी ठेवला. अण्णांना सगळं ऐकू जायला हवं होतं.

“जुबैदाजी, मेरे अब्बा बीमार नहीं हैं,” ती म्हणाली. “प्रिंसिपल भी नहीं थे. नाई हैं. उस दिन हमारे यहाँ औज़ारों की पूजा होती है. उन्होंने अपने औज़ारों के साथ आपके चित्रों के औज़ारों को भी टीका लगाया. ग़लती मेरी थी, मैंने बताया नहीं था कि पानी नहीं चलता. और फिर मैंने झूठ बोला.”

यासीनने टीव्हीचा आवाज बंद केला.

“मैंने एक भले-चंगे आदमी को बच्चे की तरह पानी पिलाया,” जुबैदा म्हणाली. “उसके अपने घर में. और तुम खड़ी देखती रहीं.”

“हाँ.”

“तस्वीरें तो मैंने माफ़ कर दी थीं, उल्का. ये मुझसे नहीं होगा.” मग ती म्हणाली, “बैठक का काम कोई और देख लेगा. अपने वालिद को मेरा सलाम कहना. और कहना, मैं शर्मिंदा हूँ.”

फोन बंद झाला. शरमायचं कुणी आणि शरमलं कोण, हे ऐकून उल्काला रडू फुटलं, अगदी दोन खुर्च्यांच्या त्या सलूनमध्ये, लोकांसमोर.

अण्णांनी तिला गप्प केलं नाही. त्यांनी मानेचा टॉवेल सोडला आणि त्याच टॉवेलने तोंडावरचा फेस पुसून काढला, आधी डावा गाल, मग उजवा, मग हनुवटी. खुंट होते तसेच राहिले.

“क्या हुआ बाबा?” यासीनने विचारलं. “दाढ़ी?”

“माफ करना भाई. मेरा वस्तरा घर पे है.” ते खुर्चीतून उतरले, टोपी घातली आणि उल्काकडे वळले. “ऊठ. नवऱ्याला फोन लाव. माझा वस्तरा कुठं ठिवलाय इचार त्याला.”

उल्काने डोळे पुसून फोन उचलला.

“आन् कशापायी पायजे म्हनला, तर खरं काय त्येबी तुझ्याच तोंडानं सांग,” अण्णा म्हणाले. “माझ्यासमोर सांग.”